बंद आहे म्हणजे मेली आहे असं नाही

(आमच्या पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले चारदोन 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युली' काढलेत, बाकी जसंच्या तसं.)

हेडफोन लावलेत का? लावले असतील तर एक काम करा. आत्ता ज्या खोलीत बसलाय, तिथल्या स्विचबोर्डकडे एकदा बघा. त्यात असं एक तरी बटण असेल जे दाबलं की काहीच होत नाही. ना पंखा, ना लाईट. वर्षानुवर्षं ते तसंच आहे. आजचा एपिसोड त्या बटणाच्या मागे जी वायर गेली आहे, तिच्यावर आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. पुण्यातली कंपनी, पण आता बरेच दिवस घरून काम, म्हणजे हिंगोलीतून. गेल्या वर्षी मी आणि पप्पांनी मिळून हिंगोलीत एक जुनं घर घेतलं. नवीन प्लॉट घेऊन बांधायचं बजेट नव्हतं, आणि जागा गावात होती, भिंती जाड होत्या. रामलीला मैदानावरच्या दसऱ्याचा स्पीकर गच्चीवर ऐकू येतो, एवढ्या जवळ. दसऱ्यालाच गृहप्रवेश करायचा असं मम्मीनं ठरवून टाकलं. हातात सव्वा महिना होता.

घर आधी एका मोठ्या घराचा अर्धा भाग होता. दोन भावांचं घर. वाटणी झाली, मधे भिंत पडली, थोरल्याचा भाग आम्ही घेतला. थोरले आता छत्रपती संभाजीनगरला असतात. धाकटे वारले, त्यांच्या काकू भिंतीपलीकडे राहतात. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

रंगकामाआधी मी घर नीट बघितलं आणि डोकं धरलं. त्या घरात वायरिंगच्या तीन पिढ्या होत्या. सगळ्यात जुनी लाकडी पट्टीवर क्लिपा मारून नेलेली. तिच्यानंतरची केसिंग-कॅपिंगची, म्हणजे पांढरी प्लॅस्टिकची पट्टी. आणि पुढच्या दोन खोल्यांत भिंतीतून पाईप टाकून केलेली. नवीन केली म्हणून जुनी कुणी काढलीच नव्हती. छतातून वायरी लोंबत होत्या, टोकाला काळी टेप. एक तर माळ्याच्या मागून खाली आलेली, साधारण चार वर्षाच्या पोराच्या डोक्याएवढ्या उंचीवर. आणि माझ्या ताईची मुलगी नेमकी चार वर्षांची आहे.

मी पप्पांना म्हणलं, हे सगळं काढू. पप्पा म्हणाले, "अरे बंद वायरी हायत त्या. कामून त्यांच्या मागं लागलास? रंग मारला की दिसत बी नाहीत."

आता हे वाक्य मी ऑफिसात रोज ऐकतो. तो जुना कोड आहे, वापरात नाही, राहू दे. पप्पांना मी मोठ्या तोऱ्यात एक गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगतो, कारण ती खरी आहे. नाईट कॅपिटल नावाची अमेरिकेतली शेअर ट्रेडिंग कंपनी होती. त्यांच्या सर्व्हरवर एक जुना प्रोग्रॅम पडून होता, २००३ पासून न वापरलेला. कुणी काढला नाही. १ ऑगस्ट २०१२ ला त्यांनी नवीन कोड टाकला आणि तो चालू करायला जुन्याच प्रोग्रॅमचा फ्लॅग परत वापरला. आठ सर्व्हर होते, नवीन कोड सातांवर गेला. आठव्यावर तो फ्लॅग लागल्याबरोबर जुना प्रोग्रॅम जागा झाला आणि वेड्यासारखे सौदे करत सुटला. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान. कंपनी पुढं दुसऱ्याला विकावी लागली.

पप्पांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मग तू काढ. पण वायरमनला पैसे द्यायचे नाहीत. इंजिनिअर घरात आहे की."

इथं माझं चुकलं. मी हो म्हणलं. माझी ब्रँच कॉम्प्युटर होती. बेसिक इलेक्ट्रिकल पहिल्या वर्षाला एक पेपर, तोही कसाबसा निघालेला.

पण सुरुवात बरी केली. प्रत्येक अनोळखी वायरीला चिकटपट्टीवर नंबर लिहिला. एकूण चौदा निघाल्या. एक्सेल शीट केली: कुठून निघते, कुठं जाते, रंग काय, टेस्टर लागतो का. "कुठं जाते" हा कॉलम जवळजवळ रिकामा राहिला. मित्राला फोन केला तर तो हसला. म्हणे तुमच्या जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो होतंय, चार-चार किलोमीटरच्या नळ्यांतून ब्लॅक होलच्या लहरी मोजणार, आणि तुला माळ्यावरची वायर कुठं जाते ते सापडेना.

मग मेन स्विच बंद करून टेस्टर लावत सुटलो. सगळ्या बंद. फक्त नऊ नंबर, ती माळ्यामागची चपटी वायर, तिला टेस्टर लागला. मेन बंद असताना!

मी यूट्यूबवर बघितलं होतं की बंद वायरीतही कधीकधी टेस्टर पेटतो. याला घोस्ट व्होल्टेज म्हणतात. ते खरंच असतं. चालू वायरीच्या शेजारून, एकाच पाईपमधून एखादी सुटी वायर लांबवर गेली असेल, तर तिच्यात थोडं व्होल्टेज नुसतं शेजारामुळं दिसतं. डिजिटल मल्टिमीटरवर पन्नास-साठ व्होल्ट येतात, टेस्टर मंद पेटतो, पण त्यात दम नसतो. हे वाचलेलं होतं, म्हणून मी नऊ नंबरपुढं एक्सेलमध्ये लिहिलं: "भूत."

जरा विचार करा. आमचा मेन बंद होता. म्हणजे आमच्या घरात चालू वायर एकही नव्हती. मग हे भूत कुणाच्या शेजारामुळं आलं? हा प्रश्न मला पडायला पाहिजे होता. नाही पडला. काहीच माहीत नसतं तर मी घाबरून हात लावला नसता. अर्धवट माहीत होतं, म्हणून लावला.

दोन दिवसांनी गल्लीतली लाईट गेली. देखभालीचं काम होतं, चार वाजेपर्यंत येणार नाही असं कळलं. मला वाटलं, याहून चांगला मुहूर्त नाही. मेन बंद करायचीही गरज नाही, गावातच लाईट नाही. टेस्ट काय करायचं? शिडी लावली, पक्कड घेतली. भाची खाली मोबाईलचा टॉर्च धरून उभी, "मामा, मी पण, मी पण" करत.

एक, दोन, तीन, सगळ्या कापल्या. नऊ नंबरला पक्कड लावली आणि दाबली.

फाट्‌! निळा-पांढरा जाळ. पक्कडीच्या पात्याला मोहरीएवढा खड्डा पडला, तो मी अजून जपून ठेवलाय. ठिणगी खाली भाचीच्या पायापाशी पडली. ती रडलीच नाही, नुसती बघत राहिली. मी शिडीवर गोठलो. आणि दोन सेकंदांत भिंतीपलीकडून काकूंचा आवाज:

"काय करायलाव रे तिकडं? आमचं इन्व्हर्टर बोंबलायलंय!"

आलं लक्षात? गल्लीत लाईट नव्हती, आमच्या घरात नव्हती. पण नऊ नंबरची वायर भिंतीतून काकूंच्या घरी जात होती, त्यांच्या इन्व्हर्टरवर. लाईट असताना ती मेनवर चालू, लाईट गेली की बॅटरीवर चालू. त्या वायरीला बंद असा क्षणच नव्हता.

मी वाचलो ते शहाणपणानं नाही. पक्कडीची मूठ रबराची होती, शिडी लाकडाची होती, आणि मी फेज-न्यूट्रल एकदम कापल्यामुळं शॉर्ट होऊन इन्व्हर्टर ओव्हरलोडला बंद पडलं. समजा कापण्याऐवजी मी हातानं टेप सोडवली असती? एक हात तारेला आणि दुसरा लोखंडी खिडकीला? किंवा मी कामावर असताना भाचीनं ते लोंबणारं टोक धरलं असतं?

आम्ही आरसीसीबी बसवणार होतो, ३० मिलिॲम्पिअरची. थोडा जरी करंट माणसातून जमिनीत जायला लागला तर ती सप्लाय तोडते. प्रत्येक घरात असावीच. पण नीट ऐका. तिला फक्त तिच्यातून गेलेला करंट कळतो. काकूंच्या घरून आलेला करंट आमच्या आरसीसीबीतून जातच नव्हता. शॉक बसला असता, जीव गेला असता, आणि आमची आरसीसीबी तशीच चालू राहिली असती.

संध्याकाळी पप्पा काही बोलले नाहीत. जेवले, हात धुतले आणि म्हणाले, "उद्या त्या वायरमन मामाला बोलव. पैशाचं बघू."

मामा आले. आयटीआय केलेले, परवाना असलेले, पन्नाशीचे. माझी एक्सेल शीट बघितली, नऊ नंबरपुढचं "भूत" वाचलं आणि इतकं हसले की चहा सांडला. "इंजिनिअर साहेब, भूत फुफाटा उडवत नाही." मग त्यांनी पिशवीतून एक साधा होल्डर काढला, त्यात बल्ब, दोन वायरी. टेस्ट लॅम्प. घोस्ट व्होल्टेज असेल तर बल्ब पेटत नाही, कारण त्यात ताकद नसते. खरा सप्लाय असेल तर पेटतो. पन्नास रुपयांच्या आतली वस्तू. माझ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात होतं.

त्यांची एक सवय मला फार आवडली. बल्ब आधी चालू सॉकेटवर लावून बघायचा, पेटतो ना? मग संशयित वायरीला. मग परत चालू सॉकेटवर. कारण मधेच बल्ब उडाला असेल तर आपण "बंद आहे" म्हणून हात घालणार. आम्ही टेस्ट लिहितो, पण टेस्ट स्वतः चालू आहे का हे किती वेळा बघतो?

पहिलं काम काकूंकडं. मामा म्हणाले, कुठलीही वायर काढायची तर जिथून येते तिथून आधी सोडवायची, टोकाकडून नाही. काकूंच्या घरी गेलो. इन्व्हर्टर कोपऱ्यात, त्याच्या बोर्डातून एक चपटी वायर वर चढून भिंतीत गेलेली. मी विचारलं, काकू, ही कधीची?

काकू जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या, लोडशेडिंगच्या वेळची.

तुमच्यापैकी जे पंचविशीच्या वर आहेत आणि मराठवाड्यात वाढलेत, त्यांना सांगायला नको. २००५ ला वीज मंडळाचे भाग होऊन महावितरण झालं, आणि त्याच्या आसपासची ती वर्षं. विजेचा तुटवडा. जिथं गळती जास्त आणि वसुली कमी, तिथं लाईट जास्त वेळ बंद, त्याचे ए पासून जी पर्यंत गट पाडलेले. गावागावांत दिवसातले कित्येक तास अंधार. शाळेत असताना लाईटच्या टायमावर आमचा अभ्यास ठरायचा. घरोघरी इन्व्हर्टर आले ते तेव्हा.

थोरल्या भावाच्या मुलाची दहावी होती. इन्व्हर्टर धाकट्यांकडंच. तोवर मधली भिंत झाली होती आणि दोघा भावांचं बोलणं बंद होतं. काकू म्हणाल्या, "ह्यांनी एका दुपारी भिंतीला छिद्र पाडलं आन् वायर पलीकडं दिली. एक बल्ब, एक पंखा. पोराचा काय दोष म्हणाले. दादांनी बी काही म्हणलं नाही, घेतली." पोरगं पास झालं, शिकायला बाहेर गेलं. बल्ब गेला, पंखा गेला. वायर राहिली. धाकटे गेले, थोरल्यांनी घर विकलं. आमच्या व्यवहारात सात-बारा, कर पावती, वीजबिल सगळं बघितलं गेलं. ही वायर कुठल्याच कागदावर नव्हती. वाईट कुणाच्या मनात नव्हतं. सगळे विसरले होते, एवढंच.

काकूंनी विचारलं, "काढायचीच का?"

मला पटकन काही बोलता येईना. मामाच म्हणाले, "वहिनी, त्या पोरीच्या डोक्याएवढ्या उंचीवर टोक होतं." काकू उठल्या आणि स्वतः इन्व्हर्टरचं बटण बंद केलं.

आता बाकीच्या तेरा वायरींचं काय निघालं ते सांगतो, कारण तुमच्याही घरात साधारण हेच असणार.

सहा खरोखर मेलेल्या होत्या. दोन्ही टोकं सुटी. त्या ओढून काढल्या.

तीन "बंद" होत्या, पण दुसरं टोक अजून बोर्डात जोडलेलं. त्यातली एक जुन्या बोअरच्या मोटारीची. मोटार कधीच गेली, पण वायर एमसीबीखाली तशीच. उद्या कुणी ते रिकामं एमसीबी बघून वर केलं असतं तर गच्चीवरचं उघडं टोक चालू. नाईट कॅपिटलचा आठवा सर्व्हर आमच्या गच्चीवर होता!

दोन जुन्या टेलिफोनच्या आणि केबल टीव्हीच्या. लँडलाईनमध्येही ४८ व्होल्ट डीसी असतो आणि रिंग वाजताना जास्त, पण कनेक्शन तुटलेलं होतं. काढल्या.

राहिल्या दोन. त्या कुठं जातात हे मामांनाही सापडलं नाही. आणि इथं मी त्यांच्याकडून खरं शिकलो. त्यांनी अंदाज केला नाही. दोन्ही टोकांना प्रत्येक तार वेगळी कनेक्टरनं बंद केली, डबीत बसवली, वर ब्लँक प्लेट मारली आणि आत चिठ्ठी ठेवली: कुठं जाते माहीत नाही, चालू समजा. नुसती टेप का नाही? आपल्याकडं उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो. टेपचा गोंद सुकतो, टेप सुटते. आणि प्लास्टरखाली गाडायची तर अजिबात नाही. दिसत नसलेली वायर पुढच्या माणसाच्या ड्रिलला सापडते.

एक गंमत आणखी. एका खोलीत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर होतं. बटण बंद, लाईट बंद, पण होल्डरमध्ये फेज कायम. बल्ब बदलताना शॉक बसतो तो बऱ्याचदा याच कारणानं. म्हणून बल्ब बदलतानाही मेन बंद करा.

तर जुनं घर घेतलंत, किंवा भाड्यानं घेतलंत, तर काय करायचं?

पहिलं, रंगाच्या आधी वायरी बघा. प्रत्येक अनोळखी वायरीला नंबर द्या, फोटो काढा. इतकं तुम्ही स्वतः करा. पण झाकणं उघडायची नाहीत, हात लावायचा नाही.

दुसरं, शेजाऱ्यांना आणि जुन्या मालकांना तीन प्रश्न विचारा: इन्व्हर्टर कुठं होतं, मोटार कुठं होती, घर आधी एकत्र होतं का. आम्ही हे विचारलं असतं तर पाच मिनिटांत काम होतं.

तिसरं, मेन बंद असताना कुठंही टेस्टर लागला तर त्याला भूत म्हणू नका. दुसरा सप्लाय आहे असं समजा आणि थांबा.

चौथं, काम परवानाधारक वायरमनकडूनच. मीटर, त्याचं सील आणि खांबावरून येणारी वायर आपली नाही, ती महावितरणची. गच्चीवर जुनी सर्व्हिस वायर लोंबत असेल तर १९१२ ला फोन करा. स्वतः कापू नका.

पाचवं, काढलेली वायर जाळू नका. तांब्यासाठी पोरं जाळतात, पण त्या पीव्हीसीचा धूर विषारी असतो. तशीच भंगारात द्या.

आणि कुणाला शॉक बसलाच तर त्याला हात लावायला धावू नका. आधी मेन बंद. जमत नसेल तर कोरड्या लाकडानं बाजूला करा. मग १०८.

नऊ नंबरची वायर अकरा मीटर निघाली. मम्मी म्हणाली, चांगली मजबूत आहे, गच्चीत कपडे वाळत घालायला होईल. मामा ताडकन बोलले, "नाही! कपड्याला नायलॉनची दोरी." पावसाळ्यात ओल्या कपड्याच्या तारेला शॉक बसून माणूस गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. वायर म्हणून जी गोष्ट बनलीय, तिच्यावर ओले कपडे नकोत.

मग तिचं काय केलं? पुढच्या खोलीचा एक पाईप रिकामा करून त्यातून नवीन वायर न्यायची होती. मामांनी जुन्या वायरीच्या टोकाला नवीन बांधली आणि दुसरीकडून ओढली. जुनी बाहेर, नवीन आत. वायरमन लोक हे नेहमी करतात. मी पहिल्यांदा बघितलं.

दसऱ्याला गृहप्रवेश झाला. काकू आल्या होत्या. माळ्यामागं जिथं छिद्र होतं तिथं आता सिमेंट आहे, रंगाखाली जरा उंचवटा दिसतो. त्यांनी त्यावर हात फिरवला आणि भाचीला आपट्याचं पान दिलं. त्या रात्री दोन तास लाईट गेली. पप्पा भिंतीजवळ जाऊन ओरडले, "वहिनी, तुमचं चालू आहे ना?" पलीकडून उत्तर आलं, "हाव, चालू हाय! तुमचं?"

आता बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय. कुठली वायर कुठं जाते, कधी काढली, कुठल्या दोन माहीत नाहीत. पुढं कधी आम्ही हे घर विकलं तर तो कागदही देणार. तुमच्या घरात असा कागद नसेल तर या रविवारी सुरुवात करा, आणि तुमच्याकडचं "भूत" काय निघालं ते मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर, टेस्टर आधी, पक्कड नंतर. नमस्कार.